शर्यतीआधीचा मोह

१९०४च्या सेंट लुईस ऑलिम्पिकची मॅरेथॉन जिंकणाऱ्या थॉमस हिक्सला वाटेत अंड्यातला पांढरा बलक, ब्रँडी आणि चक्क स्ट्रिकनीन हे विष पाजले होते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातली पायपीट करणाऱ्यांचा आहार त्याहून शहाणा: भाताची पेज, वाळवलेली मोहफुले.

मार्च-एप्रिलमध्ये पहाटे वेचलेली ही फुले साखरेने भरलेली असतात. गोंड-माडिया घरांत ती वाळवून, उकडून, भाजून पुढच्या महिन्यांसाठी पुरवली जात. बाहेरच्यांना मोह म्हणजे फक्त दारू वाटली, हा अन्यायच! १९९३मध्ये गडचिरोलीत दारूबंदी आली. मोहाचे लाडू मात्र आजही होतात.

आता इथली पोरं पोलीस भरतीची १६०० मीटर धाव घेतात. तेवढ्यासाठी स्नायूंत साठलेली साखर पुरते, भरपेट नाश्ता उलट नडतो. पेज थोडीच, तीही बरीच आधी.