पालोमारचा नाल

कॅलिफोर्नियातील पालोमार पर्वतावरील हेल दुर्बिणीचे नाव निघाले, की तिच्या २०० इंची आरशाचेच गोडवे गायिले जातात. त्याला पेलणारा सांगाडा उपेक्षितच राहतो. माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीची चौकट उत्तरेकडे बंद असल्याने ध्रुवाजवळचे आकाश तिला दिसत नसे. पालोमारच्या अभियंत्यांनी ते टोक घोड्याच्या नालासारखे उघडे ठेवले. ४६ फूट व्यासाचा हा नाल फिलाडेल्फियात वेस्टिंगहाउसच्या कारखान्यात घडला आणि पनामा कालव्यातून जहाजाने पश्चिम किनाऱ्यास आला. सुमारे ५०० टनांचा फिरता भार अडखळला, तर ताऱ्याची प्रतिमा विस्कटणार. म्हणून तो दाबाखालील तेलाच्या पातळ थरावर तरंगता ठेवला. मग अश्वशक्तीच्या बाराव्या हिश्श्याची मोटर त्यास फिरवावयास पुरली! नळीची रचना मार्क सेरुरिए यांची. पोलाद वाकूच नये, असा हट्ट त्यांनी धरला नाही. दोन्ही टोके सारखीच खचावीत आणि परस्परांना समांतर राहावीत, अशी त्रिकोणी जुळणी त्यांनी केली. साऱ्या कामात हेच मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. ३ जून १९४८ रोजी दुर्बिणीचे लोकार्पण झाले. जॉर्ज एलरी हेल, ज्यांच्या ध्यासातून ती उभी राहिली, ते १९३८ सालीच निवर्तले होते.