कूपेची मागची काच: मोटारीच्या एका छोट्या खिडकीचा इतिहास

मोटारगाडीच्या इतिहासात इंजिन, चाके आणि रस्ते यांना जितकी पाने मिळाली, तितक्या ओळीही काचेच्या वाट्याला आलेल्या नाहीत, आणि काचेतही समोरची काच वगळता बाकीच्यांचा उल्लेख अपवादानेच आढळतो. कूपे म्हणजे दोन दारांची, पक्क्या छताची बंद मोटार. तिच्या लांब दाराच्या मागे, मागच्या आसनाच्या बाजूला जी लहान, बहुधा तिरक्या कडांची खिडकी असते, तिला कारागीर ‘क्वार्टर काच’ किंवा नुसतेच ‘मागची छोटी काच’ म्हणतात. पत्रा ठोकून सरळ करता येतो, फाटलेले आसन शिवता येते, पण ही काच फुटली की ती बदलण्यावाचून दुसरा उपाय उरत नाही. त्यामुळे तिच्या दुरुस्तीचा इतिहास हा मुळात नवी काच कोणी कापायची, तिचा आकार कोणी ठरवायचा आणि ती चौकटीत कोणी बसवायची याचा इतिहास आहे. गेल्या शंभर वर्षांत हे तिन्ही अधिकार टप्प्याटप्प्याने रस्त्यावरच्या दुकानातून कारखान्यात गेले.

आरंभीच्या मोटारी उघड्या होत्या, आणि पावसापासून बचावासाठी कापडी छत व बाजूचे पडदे एवढीच सोय असे. १९१९ च्या सुमारास अमेरिकेत तयार होणाऱ्या गाड्यांपैकी जेमतेम दहावा हिस्सा बंद घडणीचा होता, तर १९२० चे दशक संपता संपता हे प्रमाण नेमके उलटे झाले. हडसन कंपनीने ‘एसेक्स’ या नावाने स्वस्त बंद गाडी बाजारात आणली आणि काही वर्षांतच तिची किंमत उघड्या गाडीच्याही खाली नेली, हे या उलथापालथीचे एक मोठे कारण होते. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला सुट्या भागांतून गाड्या जोडण्याचा कारखाना सुरू केला, तो याच काळात. बंद गाडी म्हणजे पत्र्याइतकीच काच, हे समीकरण हिंदुस्थानात पोहोचले ते असे.

या पहिल्या पिढीच्या गाड्यांत बाजूच्या काचा सपाट असत. साधी, घासून चकचकीत केलेली जाड काच लाकडी किंवा धातूच्या चौकटीत, बनातीचे अस्तर लावलेल्या खाचेत सरकवून बसवली जाई आणि आतून लाकडी पट्टीने दाबली जाई. फोर्डने १९३२ मध्ये काढलेल्या कूपेचे ‘तीन खिडक्यांची’ आणि ‘पाच खिडक्यांची’ असे दोन प्रकार प्रसिद्ध आहेत. त्यांतला खिडक्यांचा फरक म्हणजे दारामागच्या या दोन छोट्या काचाच होत. समोरची काच या मोजणीत धरली जात नाही. अशी काच फुटली तर पुठ्ठ्याचा नमुना कापून तो कोणत्याही काचवाल्याकडे न्यावा, त्याने नमुन्याच्या कडेने हिऱ्याची कलम फिरवावी, हलक्या हाताने तुकडा मोडावा आणि कडा घासून द्यावी, एवढेच काम असे. घराच्या खिडकीची काच आणि मोटारीची काच यांत कारागिराच्या दृष्टीने फरक नव्हता. महाराष्ट्रात त्या वेळी काचेचे कारखाने नव्हते असे नाही. लोकांनी दिलेल्या एकेका पैशातून उभ्या राहिलेल्या निधीवर १९०८ मध्ये तळेगावला पैसा फंड काच कारखाना निघाला होता आणि कराडजवळ ओगलेवाडीला ओगले बंधूंचा कारखाना चालत होता. मात्र त्यांचे नाव झाले ते बाटल्या, दिव्यांच्या चिमण्या आणि कंदील अशा पोकळ वस्तूंमुळे. खिडकीची सपाट काच बहुतांशी परदेशातून, विशेषतः बेल्जियममधून येई.

साध्या काचेचा दोष अपघातात उघड होई, कारण ती सुरीसारख्या लांब धारदार तुकड्यांत फुटते. त्यावरचा पहिला उपाय फ्रान्समध्ये सापडला. एदुआर बेनेदिक्तुस या चित्रकार आणि रसायनज्ञाच्या हातून १९०३ मध्ये एक चंबू खाली पडला, तो तडकला पण विखुरला नाही, कारण आत वाळून गेलेल्या सेल्युलोज नायट्रेटच्या पापुद्र्याने तुकडे धरून ठेवले होते, अशी कथा सांगितली जाते. त्याने १९०९ मध्ये दोन काचांच्या मध्ये असा पापुद्रा घालण्याचे पेटंट घेतले. हीच लॅमिनेटेड, म्हणजे थर जोडून केलेली काच. पहिल्या महायुद्धात तिचा उपयोग वायूपासून संरक्षण करणाऱ्या मुखवट्यांत झाला आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस फोर्डच्या ‘मॉडेल ए’ गाडीला समोर हीच काच बसू लागली. सेल्युलोज नायट्रेट उन्हाने पिवळे पडते, त्यामुळे काही वर्षांत काचेला हळदीसारखी झाक येई. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात पॉलिव्हिनिल ब्यूटिराल हे लवचीक प्लॅस्टिक मध्ये घातले जाऊ लागले तेव्हा हा दोष गेला. काचवाल्याच्या धंद्यावर या शोधाचा फारसा परिणाम झाला नाही. लॅमिनेटेड काचही कापता येते. दोन्ही बाजूंनी हिरा फिरवून काच तडकवायची आणि मधला पापुद्रा पात्याने चिरायचा, एवढी एक पायरी वाढली.

धंद्याला खरा धक्का दिला तो टफन काचेने. वितळलेल्या काचेचा थेंब थंड पाण्यात टाकला तर त्याचे डोके हातोडीचा घाव सोसते, पण शेपूट मोडताच सगळा थेंब पिठासारखा उडतो, हा चमत्कार सतराव्या शतकापासून युरोपात ‘प्रिन्स रूपर्टचे थेंब’ या नावाने ओळखीचा होता आणि लंडनच्या रॉयल सोसायटीत १६६० च्या दशकाच्या आरंभीच त्याची चर्चा झाली होती. फ्रान्सच्या रोये द ला बास्ती याने १८७४ मध्ये तापलेली काच तेलाच्या कुंडात बुडवून तिला हाच गुण देण्याची रीत काढली. पण मोटारीला उपयोगी पडेल अशी मोठी, स्वच्छ आणि एकसारखी टफन काच करणे जमले ते १९३० च्या आसपास, सँ-गोबँसारख्या कारखान्यांनी तेलाऐवजी हवेचे झोत वापरायला सुरुवात केल्यावर. लोहार तापलेल्या पात्याला पाणी देतो तसाच हा प्रकार आहे, फक्त येथे पाण्याचे काम वारा करतो. काच ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून तिच्या दोन्ही अंगांवर एकदम गार हवा सोडली जाते. पृष्ठभाग लगेच घट्ट होतो, आतला भाग मागाहून निवतो व आकसताना पृष्ठभागाला आत ओढतो. त्यामुळे बाहेरच्या थरात दाब आणि गाभ्यात ताण कायमचा कोंडला जातो. अशी काच साध्या काचेपेक्षा चार ते पाच पट मजबूत असते, आणि फुटलीच तर कोंडलेला ताण सगळीकडून मोकळा होऊन तिचे खडीसाखरेएवढे बोथट खडे होतात.

ज्या गुणामुळे ती प्रवाशाला सुरक्षित, त्याच गुणामुळे ती काचवाल्याला परकी झाली. टफन काचेवर हिरा फिरवून ती मोडू पाहणे म्हणजे सगळी काच फोडणे होय. तिला भोक पाडता येत नाही, कडाही म्हणण्यासारखी घासता येत नाही. जे काही कापायचे, घासायचे, वाकवायचे ते भट्टीत जाण्यापूर्वीच करावे लागते. अमेरिकेत १९६० च्या सुमारास बाजूच्या काचांसाठी टफन काच सर्रास वापरली जाऊ लागली आणि इतर देशांतही तीच प्रथा रुळली. तेव्हापासून दुकानदार काच ‘करून’ देईनासा झाला, तो ती ‘मागवून’ देऊ लागला. मोटारीच्या सुट्या भागांच्या व्यापारात काचेचे वेगळे गोदाम, प्रत्येक खिडकीला वेगळा क्रमांक आणि डाव्या-उजव्या बाजूचा हिशेब या गोष्टी त्यातून आल्या. हा बदल सुरक्षिततेच्या नावाने झाला आणि तो योग्यच होता, पण त्याची किंमत एका जुन्या हातकसबाने मोजली, याची नोंद फारशी कोणी घेतलेली दिसत नाही.

याच सुमारास काच वाकडीही झाली. क्रायस्लर कंपनीच्या १९५७ च्या ‘इंपीरियल’ गाडीला बाजूच्या काचा बाक दिलेल्या होत्या, आणि अमेरिकेत नियमित उत्पादनाच्या गाडीत असे प्रथमच घडले. दोन वर्षांनी, १९५९ मध्ये, इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने वितळलेल्या कथिलावर काच तरंगवून सपाट करण्याची पद्धत जाहीर केली. घासण्याचा खर्च वाचल्याने मोटारीची काच स्वस्त आणि निर्दोष झाली. कूपेच्या मागच्या खिडकीचे स्वरूप मात्र तंत्रापेक्षा फॅशनने अधिक बदलले. जनरल मोटर्सने १९४९ मध्ये मधला खांब नसलेल्या दोन-दारी गाड्या काढल्या, तेव्हा मागची काचही हँडल फिरवून खाली जाऊ लागली. खाली चाकाची कमान असल्याने तिला सरळ उतरायला जागा नसे, म्हणून ती कलत कलत पत्र्याच्या पोटात शिरे, आणि तिची सरकपट्टी नीट जुळवणे हे कारागिराच्या संयमाची परीक्षा पाहणारे काम होते. १९७३ मध्ये त्याच कंपनीच्या मध्यम आकाराच्या कूपे गाड्यांत ही काच कायमची बंद झाली. वातानुकूलन वाढले होते आणि गाडी उलटल्यास छताने किती भार सोसावा याचे कडक नियम येणार अशी चाहूल होती, ही त्याची दोन प्रमुख कारणे.

बंद काच बसवण्याची तेव्हाची रीत रबराची होती. इंग्रजी एच अक्षरासारखा छेद असलेल्या रबरी पट्टीच्या एका खाचेत काच आणि दुसऱ्या खाचेत पत्र्याची कड बसते. कारागीर आधी काचेभोवती रबर चढवतो, पत्र्याच्या बाजूच्या खाचेत सगळीकडून सुतळी भरतो आणि तिची दोन्ही टोके गाडीच्या आत लोंबती सोडतो. मग साबणाचे पाणी लावून काच बाहेरून चौकटीवर टेकवली जाते, एकजण बाहेरून तळहाताने दाबत राहतो आणि दुसरा आतून सुतळी हळूहळू ओढतो, तशी रबराची आतली ओठी पत्र्याच्या कडेवरून उलटून आत येते. या कामाला दोन माणसे लागतात, पण कोणतेही यंत्र लागत नाही. काच कारखान्याची असली तरी ती बसवणे अजून गॅरेजच्या हातात होते ते या सुतळीमुळे.

तेही पुढे सुटले. हवेचा विरोध कमी करण्यासाठी काच पत्र्याच्या पातळीत आणण्याची कल्पना १९८२ च्या ‘ऑडी १००’ने ठळकपणे रुजवली, आणि रबराची जाड किनार अडचणीची वाटू लागली. तिची जागा पॉलियुरेथेन या चिवट चिकटद्रव्याने घेतली. काचेच्या कडेला भाजून बसवलेली काळी पट्टी दिसते, ती या चिकटद्रव्याला उन्हापासून वाचवण्यासाठी. काही गाड्यांत काचेभोवतीची प्लॅस्टिकची किनार, बसवण्याच्या खुंट्या आणि शोभेची पट्टी हे सारे साच्यात एकत्र ओतलेले असते, त्यामुळे फुटलेली काच बदलताना अखंड संचच विकत घ्यावा लागतो. आतले अस्तर काढायचे, तारेने किंवा पात्याने जुने चिकटद्रव्य चिरायचे, पत्र्यावर त्याचा पातळ थर मुद्दाम ठेवायचा, ओरखडा गेला असेल तेथे प्रायमर लावायचा, नवी काच टेकवून ती चिकटपट्टीने धरून ठेवायची आणि चिकटद्रव्य आळेपर्यंत गाडी हलवायची नाही, असा हा क्रम आहे. दाराच्या पोकळीत आणि आसनांच्या फटींत गेलेले खडे वेचून काढण्यात अनेकदा काच बसवण्यापेक्षा अधिक वेळ जातो.

भारतात कूपे कधीच फार नव्हत्या, आणि त्यामुळेच येथे हा प्रश्न अधिक टोकदार झाला. कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनणारी फियाट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, एकाच घडणीत तीन दशकांहून अधिक काळ चालली. तिची कोणतीही काच मुंबईत सहज मिळे, आणि नवी नाही मिळाली तर कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवरच्या भंगारात जुनी मिळे. परदेशातून आलेल्या एखाद्या कूपेच्या मालकाला मात्र तेवढ्या एका काचेसाठी समुद्रापलीकडे वाट पाहावी लागे. मारुतीच्या आगमनानंतर असाही इंडिया ही कंपनी मोटारीच्या काचा मोठ्या प्रमाणावर करू लागली आणि रायगड जिल्ह्यात तळोजाला तरंगत्या काचेचा कारखानाही उभा राहिला, पण तेथेही साचा त्याच काचेचा बनतो जिचा खप असतो.

बदललेली काच ओळखण्याची खूण तिच्या कोपऱ्यात असते. तेथे उत्पादकाचे चिन्ह, काचेचा प्रकार आणि मानकाचा क्रमांक कोरलेला असतो, आणि पुष्कळदा वर्षाचा आकडा व महिना दाखवणारे ठिपकेही. सगळ्या काचांवर एक वर्ष आणि मागच्या छोट्या काचेवर दुसरे दिसले, तर जुनी गाडी घेणारा लगेच भुवया उंचावतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील शंभराव्या नियमाने सुरक्षित काचेची सक्ती केली आणि समोरच्या व मागच्या काचेतून ७० टक्के, तर बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत यावा असे ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी दिलेल्या निकालात काळ्या फिल्मवर बंदी घातली, तेव्हा कूपेच्या मागच्या खिडकीवर जिथे हमखास गडद फिल्म असे, तीही खरवडून काढावी लागली.

अमेरिकेत अपघातात प्रवासी खिडकीतून बाहेर फेकला जाऊ नये म्हणून २०११ मध्ये नवा नियम झाला आणि बाजूच्या काचांतही लॅमिनेटेड काच पुन्हा वाढू लागली. काही छोट्या युरोपीय गाड्यांनी क्वार्टर काचेसाठी पॉलिकार्बोनेट हे प्लॅस्टिकही वापरून पाहिले. जुन्या गाड्या जतन करणाऱ्यांच्या दृष्टीने यातून एक विचित्र स्थिती निर्माण झाली आहे. १९३२ च्या पाच खिडक्यांच्या फोर्डची मागची काच आज फुटली, तर लॅमिनेटेड काचेच्या सपाट तावातून ती पुठ्ठ्याच्या नमुन्यावर दुपारपर्यंत कापून मिळते. पण १९९० च्या सुमारास बनलेल्या आणि उत्पादन थांबलेल्या कूपेची बाकदार टफन काच जगातला कोणताही काचवाला कापून देऊ शकत नाही, आणि तिच्या मालकाला तशाच दुसऱ्या मोडीत निघालेल्या गाडीची वाट पाहावी लागते.