गावाची योजना कोणी आखावी?



आपल्या स्मरणिकेत दरवर्षी देणगीदारांची यादी, गुणवंत विद्यार्थ्यांची छायाचित्रे व संघाच्या कार्याचा अहवाल येतो. यंदा त्यांच्या जोडीला थोडा इतिहास सांगावा असे आम्हांस वाटले. त्यास कारणही तसेच आहे. आपल्या संघाकडे गरीब कुटुंबांसाठी काही निधी जमला असून तो कशावर खर्च करावा याचा खल चालू आहे. कोणी म्हणतात सभागृह बांधावे, कोणी म्हणतात गावोगावी शिवणयंत्रे वाटावीत. दोन्ही सूचना सद्भावनेच्याच आहेत. परंतु ज्यांच्यासाठी हा खर्च व्हावयाचा, त्यांस अद्याप कोणी विचारलेले नाही. गरिबास न विचारता त्याचे हित करू गेल्यास काय होते व विचारल्यास काय होते, याचा आपल्या देशास पाऊणशे वर्षांचा अनुभव आहे. तोच येथे संक्षेपाने मांडतो.

स्वातंत्र्य मिळाल्यावर दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १९४८ साली, आजच्या उत्तर प्रदेशातील इटावा जिल्ह्यात आल्बर्ट मेयर या अमेरिकन नगररचनाकाराच्या सल्ल्याने ग्रामविकासाचा एक प्रयोग सुरू झाला. गावकऱ्यांत मिसळून त्यांची गरज जाणणारा ग्रामसेवक असावा, ही कल्पना तेथे आकारास आली. पुढे २ ऑक्टोबर १९५२ रोजी, गांधीजयंतीच्या मुहूर्तावर, देशात ५५ ठिकाणी समाजविकास योजना सुरू झाल्या. हेतू थोर होता. लोकांनी आपला उत्कर्ष आपणच साधावा व सरकारने हात द्यावा, असे त्याचे सूत्र होते. प्रत्यक्षात मात्र क्रम उलटला. किती विहिरी, किती रस्ते, किती खत याचे आकडे वरून ठरून येऊ लागले आणि गावाच्या वाट्यास श्रमदान तेवढे उरले. ज्या कामाची निवड आपण केली नाही त्यासाठी घाम गाळताना माणसाचे मन लागत नाही, हे सांगावयास पंडित नको.

या योजनांची तपासणी करण्यासाठी जानेवारी १९५७ मध्ये बलवंतराय मेहता यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. त्याच वर्षाच्या अखेरीस तिने अहवाल दिला. लोकांचा पुढाकार जागविण्यात या योजना अपुऱ्या पडल्या, असा तिचा निष्कर्ष होता. उपाय म्हणून गाव, गट व जिल्हा अशा तीन पायऱ्यांवर लोकनियुक्त संस्थांच्या हाती सत्ता व पैसा द्यावा, असे तिने सुचविले. २ ऑक्टोबर १९५९ रोजी राजस्थानातील नागौर येथे पंडित नेहरूंच्या हस्ते पंचायत राज्याचा प्रारंभ झाला. आपल्या महाराष्ट्रात वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कामास लागल्या.

येथे एका गोष्टीचे भान ठेवणे अवश्य आहे. गावाच्या हाती सत्ता दिली म्हणजे ती गरिबाच्या हाती गेली, असे नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीत खेड्याच्या भाबड्या गौरवावर कठोर टीका केली होती. त्यांच्या दृष्टीने खेडे हे संकुचितपणाचे व अज्ञानाचे स्थान होते. हे बोल अनेकांस झोंबले. परंतु चावडीवर कोण बसतो व पायरीखाली कोण उभा राहतो, हे ज्याने पाहिले आहे त्यास त्यांतील तथ्य नाकारता येणार नाही. म्हणून पुढील इतिहासात प्रश्न दुहेरी झाला. योजना गावाने आखावी हे खरे, पण गावातील कोणी?

या प्रश्नास एक उत्तर पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यात मिळाले. हा तालुका पर्जन्यछायेचा. १९७२ च्या दुष्काळात हजारो माणसे खडी फोडावयास बसली. पुण्यातील अभियंते व उद्योजक विलासराव साळुंखे यांनी हे दृश्य पाहिले. माणसे राबत आहेत, परंतु पुढच्या दुष्काळात उपयोगी पडेल असे पाणी त्या राबण्यातून साठत नाही, ही गोष्ट त्यांच्या मनास लागली. १९७४ साली नायगाव येथे देवस्थानची सुमारे ४० एकर पडीक जमीन भाडेपट्ट्याने घेऊन त्यांनी तेथे बांधबंदिस्ती केली, पाझर तलाव व विहीर केली. त्या अनुभवातून पाणीपंचायत जन्मास आली.

पाणीपंचायतीचे नियम मुळातून समजून घेण्यासारखे आहेत. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता घरातील माणसांच्या प्रमाणात द्यावयाचे. माणशी अर्ध्या एकरास पुरेल इतके पाणी, व एका कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकरांचे. म्हणजे पाच माणसांच्या घरास वीस एकर जमीन असो वा तीन एकर, पाणी दोघांस सारखेच. भूमिहीनासही पाण्यावर हक्क. उसासारखे पाणीखाऊ पीक घ्यावयाचे नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जावयाचा नाही. तो गटाकडे परत यावयाचा. आणि योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांनी स्वतः उभा करावयाचा. पाण्याच्या पाळ्या सांभाळावयास गटाने आपला पाटकरी नेमावयाचा.

पाचवा हिस्सा ही रक्कम गरिबास लहान नव्हती. तथापि, ज्याने पदरचे चार पैसे घातले तो हिशेब विचारतो, व जो हिशेब विचारतो तोच योजनेचा धनी होतो. पाणीपंचायतीच्या सर्वच योजना पुढे टिकल्या असे नाही. जमीनच नसलेल्या माणसास पाण्याचा हक्क वापरणे सोपेही नव्हते. परंतु गावाची संपत्ती माणशी वाटता येते, हे एका दुष्काळी तालुक्याने करून दाखविले, हे त्याचे श्रेय कोणी काढून घेऊ शकत नाही.

दुसरे उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्याचे. मेंढा (लेखा) हे तेथील गोंड वस्तीचे लहानसे गाव. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार आणि आमच्या गावात आम्हीच सरकार, ही तेथील घोषणा आता सर्वतोमुखी झाली आहे. परंतु घोषणेपेक्षा त्यांची रीत अधिक मोलाची. तेथे निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेण्याचा परिपाठ पडला. एखादा विषय कळला नाही तर अभ्यासगट बसवावयाचा, बाहेरच्या जाणत्यास बोलावून विचारावयाचे, व मग ग्रामसभेने ठरवावयाचे. वनहक्काचा कायदा २००६ साली झाला. त्याअन्वये २००९ साली या गावास सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू विकण्याचा अधिकार मान्य होण्यास २०११ साल उजाडले. कागदावरचा हक्क हाती पडेपर्यंत वाट पाहण्याइतका धीर त्या गावाने दाखविला, कारण निर्णय एका पुढाऱ्याचा नसून घराघराचा होता.

दरम्यान कायद्यानेही पुढचे पाऊल टाकले होते. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. ग्रामसभेस घटनेत स्थान मिळाले, अनुसूचित जाती-जमाती व स्त्रिया यांस राखीव जागा मिळाल्या, आणि आर्थिक विकास व सामाजिक न्याय यांच्या योजना पंचायतींनी आखाव्यात असे घटनेने म्हटले. केरळ राज्याने १९९६ साली लोकयोजनेची मोहीम काढून राज्याच्या योजनेतील ३५ ते ४० टक्के रक्कम स्थानिक संस्थांकडे सोपविण्याचे ठरविले. पैसा हाती आला तेव्हा ग्रामसभेतील चर्चेसही धार आली. रिकाम्या तिजोरीची चर्चा कोण मन लावून करणार?

आता कोणी म्हणेल, अशिक्षितास योजना काय कळणार? त्यांस आम्ही खानदेशाकडे पाहावयास सांगू. धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम आदी नद्यांवर बंधारे घालून फड पद्धतीने पाणी वाटण्याची रीत कित्येक शतके चालत आली. भिजणाऱ्या जमिनीचे फड पाडावयाचे, एका फडात एकच पीक घ्यावयाचे, फडांची पिके आळीपाळीने बदलावयाची, व पाटकरी नेमून पाणी सोडावयाचे. ही व्यवस्था शेतकऱ्यांनीच चालविली. त्यांतील किती जणांस अक्षरओळख असेल? शाळेत आयुष्य घालवूनही आम्हांस असे वाटते की, अक्षरज्ञान व शहाणपण या दोन भिन्न वस्तू आहेत. तज्ज्ञ नको असा याचा अर्थ नव्हे. साळुंखे स्वतः अभियंतेच होते. मोजमाप तज्ज्ञाने सांगावे, पण काय बांधावयाचे व कोणासाठी, याची निवड ज्याचे त्याने करावी.

या इतिहासातून आपल्या संघाने काय घ्यावे? आमचे नम्र निवेदन असे. निधीचा निर्णय होण्यापूर्वी कार्यकारिणीच्या सभासदांनी आपल्या गरीब ज्ञातिबांधवांच्या वस्त्यांवर जावे. सभा दिवसा न ठेवता रात्री जेवणानंतर ठेवावी, कारण दिवसाच्या सभेसाठी मजुरास रोजगार बुडवावा लागतो. स्त्रियांची बैठक स्वतंत्र घ्यावी, कारण सासऱ्या-दिरांसमोर त्या बोलत नाहीत. काय हवे ते त्यांच्याच शब्दांत वहीत लिहून घ्यावे व वाचून दाखवावे. निवडलेल्या कामासाठी त्यांनीही यथाशक्ति पैसा वा श्रम द्यावेत, म्हणजे ते दान राहणार नाही. आणि जमाखर्च त्याच वस्तीत फळ्यावर लावावा.

कदाचित त्यांस शिवणयंत्रेच हवी असतील. कदाचित पोरांच्या एसटीचा पास, आजारपणाची उचल किंवा घराचा सातबारा दुरुस्त करून देणारा माणूस हवा असेल. आम्ही आज सांगू शकत नाही, व कार्यकारिणीसही सांगता येणार नाही. ज्यांस सांगता येईल ते आपल्याच आडनावाचे, आपल्याच कुलदैवताचे लोक आहेत. त्यांच्या दारी जाण्यास एक महिना लागेल. निधी जमवावयास याहून कितीतरी अधिक काळ लागला आहे. तेवढा एक महिना संघाने द्यावा, अशी आमची सर्व ज्ञातिबंधुभगिनींस आग्रहाची विनंती आहे.