निर्जलीकरण आणि चिरकारी वेदना

निर्जलीकरण आणि चिरकारी वेदना : शरीरातील पाणी व क्षार गरजेपेक्षा कमी होण्याला निर्जलीकरण म्हणतात, तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारे किंवा पुन्हापुन्हा उलटणारे दुखणे चिरकारी मानले जाते. या दोहोंचा संबंध काही विकारांत पक्का आहे, काहींत पुसट. पाठ आणि गुडघे यांच्या बाबतीत तो सर्वांत जास्त सांगितला जातो आणि नेमका तिथेच सर्वांत कच्चा आहे.

सुमारे ७० किलो वजनाच्या प्रौढ पुरुषाच्या शरीरात साधारण ४२ लिटर पाणी असते. त्यातले दोन तृतीयांश पेशींच्या आत. रक्ताची सांद्रता एकदोन टक्क्यांनी वाढली तरी मेंदूला खबर लागते, तहान लागते आणि व्हॅसोप्रेसीन हे हॉर्मोन मूत्रपिंडाला पाणी राखायला लावते. व्यवस्था चोख आहे. हाताशी पाणी असलेला, सावलीत काम करणारा धडधाकट माणूस नकळत महिनोन्‌महिने निर्जलित राहणे अवघडच. वृद्धांची तहान मात्र मंदावते. शिवाय तहान लागूनही न पिणारे असतात : एसटीच्या लांबच्या प्रवासात किंवा उसाच्या फडावर आडोसा मिळणार नाही म्हणून सकाळपासून पाण्याला न शिवणाऱ्या बाया. अशांना लघवीची जळजळ आणि ओटीपोटातली कळ वारंवार गाठते. मूत्राशयाचा संसर्ग पुन्हापुन्हा होणाऱ्या, कमी पाणी पिणाऱ्या १४० स्त्रियांवरील २०१८ सालच्या चाचणीत निम्म्या जणींना रोज दीड लिटर पाणी जास्त दिले. वर्षभरात त्यांच्यात सरासरी १.७, तर इतरांत ३.२ वेळा संसर्ग झाला.

सगळ्याच जुनाट दुखण्यांचे मूळ तहानेत आहे, हा दावा जगभर पसरवला तो फेरेदून बॅटमनघेलिज (मृत्यू २००४) या इराणी डॉक्टरांनी. लंडनमध्ये वैद्यक शिकलेले हे गृहस्थ इस्लामी क्रांतीनंतर तेहरानच्या एव्हिन तुरुंगात होते. तिथे पोटातल्या व्रणाने कळवळणाऱ्या कैद्यांना औषधाऐवजी पाणी पाजले आणि कळ थांबली, असे ते सांगत. पुढे १९९२ साली ‘युअर बॉडीज मेनी क्राइज फॉर वॉटर’ या पुस्तकात त्यांनी पाठदुखी, संधिवात, अर्धशिशी अशी दुखणी याच सूत्रात ओवली. तुलनेसाठी दुसरा गट नाही, मोजमाप नाही. एका कोठडीतल्या अनुभवावर एवढा मोठा इमला. गंमत अशी, की ते तुरुंगात होते त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन हे अशा व्रणांमागचा जिवाणू शोधत होते. त्यांना २००५ साली नोबेल मिळाले.

पाठीच्या बाबतीत गैरसमजाला भाषेचाही हातभार लागतो. एमआरआयच्या अहवालात ‘डिस्क डेसिकेशन’ असे शब्द येतात. रुग्णापर्यंत पोचताना त्यांचे ‘मणक्यातली गादी सुकली’ होते. गुडघ्याचे तसेच, ‘वंगण संपले’. सुकले आहे तर पाणी प्या, हा सल्ला मग शेजारीपाजारीही देतात. गादीच्या मऊ गाभ्यात तरुणपणी चार पंचमांश किंवा त्याहून अधिक पाणी असते हे खरे. दिवसभराच्या भाराने ते थोडे पिळून निघते आणि संध्याकाळी माणूस सकाळपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर बुटका भरतो. रात्री आडवे झाले की गादी ते परत शोषते. ते धरून ठेवणारे रेणू म्हणजे प्रोटिओग्लायकने. वयाबरोबर घटतात ती हीच. तेव्हा तांब्यावर तांबे रिचवणे हे चीर गेलेल्या रांजणात पाणी ओतण्यासारखे आहे. त्यात सुकलेली गादी दुखतेच असेही नाही. पाठ न दुखणाऱ्या लोकांच्या तपासण्यांचा २०१५ साली मोठा आढावा घेतला गेला, त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या आढळल्या.

डोकेदुखीचे उत्तर अधलेमधले आहे. उन्हातून आल्यावर ठणकणारे डोके पाण्याने उतरते, हा सर्वांचा अनुभव. पण नेदरलँड्समध्ये वारंवार डोके दुखणाऱ्या १०२ रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२०१२) रोज दीड लिटर जादा पाणी पिऊनही डोकेदुखीचे दिवस घटले नाहीत. ‘बरे वाटते’ म्हणणारे मात्र वाढले. पाणी पिणाऱ्याला आपण पितो आहोत हे ठाऊक असतेच, त्यामुळे या ‘बरे वाटण्या’चे मोल ठरवणे कठीण.

मुतखड्यात संशयाला जागा नाही. इटलीत एकदा खडा होऊन गेलेल्या १९९ जणांचा पाच वर्षे पाठपुरावा झाला (१९९६). दिवसाला दोन लिटरांहून अधिक लघवी होईल इतके पाणी पिणाऱ्यांत १२ टक्क्यांना, इतरांत २७ टक्क्यांना खडा परत झाला.

पाण्याचा आणि वेदनेचा सर्वांत थेट व क्रूर संबंध सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारात दिसतो. भारतात तो प्रथम १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत आढळला. महाराष्ट्रात नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत भिल्ल, पावरा, गोंड, माडिया अशा समाजांत आणि विदर्भातील इतर काही समाजांतही तो आहे. तांबड्या पेशीतले पाणी घटले की आतले सदोष हीमोग्लोबिन दाटते, त्याचे धागे बनतात, पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. हाडे, छाती, पोट यांत उठणारी कळ काही तास ते काही दिवस छळते. भरीला याच विकाराने मूत्रपिंडाची पाणी राखण्याची ताकद लहानपणीच जाते; लघवी जास्त होते, पाणी आणखी घटते. म्हणून सिकलग्रस्त मुलाला वर्गात बाटली जवळ ठेवू द्यावी आणि लघवीला लागेल तेव्हा उठू द्यावे, असे शिक्षकांना सांगितले जाते. कळ उठल्यावर नुसत्या पाण्यावर भागत नाही. वेदनाशामके लागतात आणि झटके कमी करण्यासाठी हायड्रॉक्सीयुरिया दिले जाते.

जुनाट दुखण्याच्या रुग्णाला पाण्याची आठवण करून देण्याचे आणखी एक कारण त्याच्या खिशातल्या गोळीत असते. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या प्रोस्टाग्लँडिने रोखतात. शरीरात पाणी कमी असते तेव्हा मूत्रपिंडाकडे रक्त वाहते ठेवण्याचे काम याच द्रव्यांकडे असते. मे महिन्यात रानात घाम गाळून, कंबर धरली म्हणून दुपारी उपाशीपोटी गोळी घेणाऱ्याच्या मूत्रपिंडाला त्यामुळे इजा होऊ शकते. जुनाट दुखण्यावरच दिले जाणारे अ‍ॅमिट्रिप्टिलीन घेणाऱ्याच्या तोंडाला पडणारी कोरड मात्र औषधाची असते. तिला निर्जलीकरण समजून घागरभर पाणी पिण्याचे कारण नाही. हृदय वा मूत्रपिंड निकामी होत चाललेल्यांना तर पाणी मोजूनच दिले जाते. अति पाण्याने रक्तातले सोडियम घसरले, तर त्याचे एक लक्षण डोकेदुखी हेच असते.