तीन धन्यांचा दिवाण

बंगळुरूच्या कॅन्टोन्मेंटमध्ये पोस्टिंग आली की ही छावणी कुणी वसवली असा प्रश्न पडतोच. श्रीरंगपट्टणच्या हवेत गोरे शिपाई तापाने मरू लागले, म्हणून इंग्रजांनी १८०९ च्या सुमारास फौज इकडे हलवली. तेव्हा म्हैसूरचे दिवाण होते पूर्णय्या. त्यांची गोष्ट फौजी माणसाने वाचावी अशी आहे.

कोइमतूर भागातलं देशस्थ माध्व घराणं. वडील लहानपणीच गेले. व्यापाऱ्याकडे हिशेब लिहिता लिहिता हा मुलगा हैदर अलीच्या खजिन्यापर्यंत पोहोचला. ७ डिसेंबर १७८२ ला चित्तूरजवळच्या तळावर हैदर वारला. इंग्रजांशी लढाई चालू, वारस टिपू दूर मलबारात. बातमी फुटली असती तर फौज फुटली असती. पूर्णय्या आणि कृष्णराव यांनी मृतदेह पेटीत घालून, खजिना आहे असं भासवून, पहाऱ्यात कोलारकडे रवाना केला. हैदरची बंद पालखी मात्र रोजच्या लवाजम्यानिशी निघत राहिली. टिपू येईपर्यंत तळ शाबूत राहिला.

४ मे १७९९ ला श्रीरंगपट्टण पडलं, टिपू लढता लढता मारला गेला. काही दिवसांनी पूर्णय्या इंग्रजांना शरण आले. गादीवर टिपूचा मुलगा फतेह हैदर बसवावा, असं त्यांनी सुचवून पाहिलं. इंग्रजांनी जुन्या वोडेयार घराण्यातला पाच वर्षांचा कृष्णराज निवडला. पूर्णय्या त्याचे दिवाण झाले. इंग्रजांना वर्षाला सात लाख होन द्यायचे होते, आणि टिपूची मोडलेली फौज बेकार फिरत होती. त्यातले काही घोडेस्वार त्यांनी पुन्हा चाकरीत घेतले. रिकाम्या पोटी हिंडणारा हत्यारी शिपाई काय करतो, ते धोंडिया वाघाच्या बंडाने लगेच दाखवून दिलं.

मराठी वाचकाला खुपणारी गोष्ट पुढे आहे. १८०३ मध्ये वेलस्ली मराठ्यांवर चालून आला, तेव्हा म्हैसूरचे स्वार त्याच्या बाजूने होते. ते पूर्णय्यांच्याच कारभारातले.

मग हा माणूस फितूर होता का? फ्रान्समध्ये त्याच काळात तालेराँ राजा, क्रांती, नेपोलियन आणि पुन्हा राजा अशी सगळ्यांची चाकरी करत होता. पूर्णय्यांनी धनी बदलले ते प्रत्येक वेळी आधीचा धनी मेल्यावर. हयात धन्याला त्यांनी विकल्याचा भरवशाचा पुरावा माझ्या वाचनात आला नाही. दोष असेल तर तो वेगळा. राजा सोळा वर्षांचा झाला तरी अधिकार सोडणं त्यांना जड गेलं. १८११ मध्ये ते बाजूला झाले आणि मार्च १८१२ मध्ये श्रीरंगपट्टणातच वारले.

आपण शपथ संविधानाची घेतो. सरकारं येतात, जातात, आपली शपथ तीच राहते. पूर्णय्यांना ही सोय नव्हती. गादी कोणाचीही असो, राज्य चाललं पाहिजे, एवढंच त्यांच्या हातात होतं. त्यांना दोष देण्याआधी मी आता थोडा थांबतो.

जय हिंद.