सरस्वतीदेवी (खुर्शीद मिनोचर-होमजी)

सरस्वतीदेवी (१९१२–१९८०) : हिंदी बोलपटांच्या आरंभकाळातील संगीतकार, ऑर्गनवादक व गायिका. मूळ नाव खुर्शीद मिनोचर-होमजी. मुंबईतील पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. महाराष्ट्रात पियानो मुख्यतः पारशी, गोवेकर ख्रिस्ती व युरोपीय घरांच्या दिवाणखान्यापुरता राहिला आणि स्वरपट्ट्यांवरचे वादन रुजले ते पेटी व ऑर्गन यांच्या रूपाने. मानवत-परभणीकडच्या भजनी मंडळांत जी हातपेटी वाजते, तिच्याच कुळातले, पायाने भाता चालवून दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे ठेवणारे वाद्य म्हणजे पायपेटी किंवा ऑर्गन. मराठी संगीत नाटकाच्या श्रोत्यांना त्याचा भरघोस नाद चांगला परिचित होता.

खुर्शीद यांचे हिंदुस्थानी संगीताचे शिक्षण पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्याकडे झाले व त्यांनी ध्रुपद-धमार या गायनप्रकारांचा विशेष अभ्यास केला. ध्रुपद हा बहुधा बारा मात्रांच्या चौतालात आणि धमार चौदा मात्रांच्या त्याच नावाच्या तालात गायिला जाणारा, ख्यालाहून जुना प्रकार असून त्यात तानांपेक्षा शब्द, लय आणि स्वराचा ठाम लगाव यांना महत्त्व असते. भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये लखनौला स्थापन झालेल्या मॅरिस कॉलेजशीही त्यांचा संबंध आला. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाल्यानंतर खुर्शीद आणि त्यांच्या बहिणी ‘होमजी सिस्टर्स’ या नावाने तेथे वाद्यवृंदाचे कार्यक्रम सादर करीत. त्यात सतार, दिलरुबा, मेंडोलिन ही वाद्ये बहिणींकडे असत आणि ऑर्गन खुर्शीद यांच्याकडे असे. पुढे १९४० मध्ये, पट्ट्यांच्या बांधीव स्वरांत श्रुती व मींड निघत नाहीत या कारणास्तव, आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. भातखंडे यांच्या शिष्येने त्याच माध्यमावर त्याच कुळातले वाद्य वाजवून लोकप्रियता मिळवली होती, हे येथे नोंदवण्यासारखे आहे.

हिमांशु राय यांनी १९३४ मध्ये मालाड येथे ‘बॉम्बे टॉकीज’ ही चित्रसंस्था उभारली, तेव्हा तिच्या संगीत विभागाची जबाबदारी त्यांनी खुर्शीद यांच्याकडे सोपवली. खुर्शीद यांचा पहिला चित्रपट ‘जवानी की हवा’ (१९३५). बहीण माणेक हिने त्यात भूमिका केली. कुलीन पारशी मुलींनी सिनेमात जावे हे समाजातील काही मंडळींना मानवले नाही व चित्रपटाला जाहीर विरोध झाला; त्यावर तोडगा म्हणून खुर्शीद यांना ‘सरस्वतीदेवी’ आणि माणेक यांना ‘चंद्रप्रभा’ ही नावे देण्यात आली. ओळख झाकण्यासाठी घेतलेले हे नावच पुढे त्यांची ओळख झाले. त्यांच्या थोड्या आधी किंवा त्याच सुमारास इशरत सुलताना व जद्दनबाई यांनीही चित्रपटांना संगीत दिले होते, त्यामुळे ‘पहिली स्त्री-संगीतकार’ हे सरस्वतीदेवींना सर्रास लावले जाणारे बिरुद काटेकोर नाही; मात्र एका मोठ्या चित्रसंस्थेचे संगीत सलग काही वर्षे सांभाळणारी स्त्री त्या काळात दुसरी दाखवता येत नाही.

त्यांच्या कामाची खरी कसोटी गळ्यांची होती. नट-नटी स्वतःच गात, गाणे आणि चित्रीकरण एकाच वेळी होई, ध्वनिग्राहक कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर टांगलेला असे आणि वादक पडद्यावर दिसणार नाहीत अशा बेताने आडोशाला बसत. सूर चुकला तर ‘टेक’ पुन्हा. नायिका देविका राणी आणि संस्थेच्याच प्रयोगशाळेतून थेट नायकाच्या जागी आलेले अशोककुमार यांपैकी कोणीही शिकलेला गायक नव्हता. त्यांच्याकडून ‘अछूत कन्या’ (१९३६) मधील गाणी गाऊन घेताना सरस्वतीदेवींनी लहान स्वरवाक्ये, थोडक्या पट्टीत फिरणारी चाल आणि बोलण्याजवळ जाणारी शब्दफेक पत्करली. या सोपेपणाला काहींनी बाळबोध म्हटले आहे. परंतु ज्या गळ्याला जे झेपेल तेवढेच मागायचे आणि शब्द मात्र स्वच्छ ठेवायचे, ही शिस्त ध्रुपदाच्या तालमीशी विसंगत नाही. चंद्रप्रभा यांचा घसा बसला असता पडद्यामागून स्वतः सरस्वतीदेवींनी त्यांच्यासाठी गायिल्याचेही सांगितले जाते; पार्श्वगायनाची पद्धत मात्र कोलकात्याच्या न्यू थिएटर्सने ‘धूप छाँव’ (१९३५) या चित्रपटात वापरलेली होती.

‘कंगन’ (१९३९), ‘बंधन’ (१९४०) व ‘झूला’ (१९४१) या चित्रपटांत अशोककुमार यांच्याबरोबर मराठी अभिनेत्री लीला चिटणीस नायिका होत्या आणि गीतकार प्रदीप यांच्या उदयाचाही हाच काळ. ‘बंधन’मध्ये रामचंद्र पाल हे सहसंगीतकार होते. हिमांशु राय १९४० मध्ये निवर्तल्यानंतर संस्थेत फाटाफूट होत गेली व सरस्वतीदेवी सोहराब मोदी यांच्या मिनर्व्हा मूव्हीटोनकडे वळल्या. तेथील ‘पृथ्वी वल्लभ’ (१९४३) चे संगीत रफीक गझनवी व त्यांचे आहे. त्यानंतर त्यांना काम कमी होत गेले. त्यांचा अखेरचा चित्रपट ‘बाबासा री लाडी’ (१९६१) हा राजस्थानी भाषेत होता.

त्याच वर्षीच्या ‘झुमरू’ चित्रपटात किशोरकुमार यांनी थोरले भाऊ अशोककुमार यांचे ‘जीवन नैया’ (१९३६) मधील गाणे नव्याने गायिले, तर ‘झूला’तील अशोककुमार यांचे एक विनोदी गीत ‘पडोसन’ (१९६८) मध्ये वेगळ्या थाटात अवतरले. ही दोन्ही गाणी आजही घरोघरी गुणगुणली जातात. मूळ चित्रपटांच्या संगीतकार सरस्वतीदेवी यांचे नाव मात्र बहुतेकांना आठवत नाही.