शेल्फ-मांडणीचा डिजिटल आराखडा

पुस्तके, मूर्ती, कुंड्या, तसबिरी अशा वस्तू भिंतीवरच्या फळ्यांवर किंवा उघड्या कपाटात ठेवण्याआधी त्या संगणकाच्या वा मोबाइलच्या पडद्यावर मापात लावून पाहण्याची पद्धत. मराठी घरात ‘मांडणी’ हा शब्द कृतीलाही लागतो आणि स्वयंपाकघरातल्या डब्या-पातेल्यांच्या स्टीलच्या रॅकलाही. ती मांडणी, कोनाडा, फडताळ, बैठकीतली शोकेस हे सगळे आजवर नजरेच्या अंदाजाने लागत आले. अंदाज चुकला तर वस्तू उचलून दुसरीकडे ठेवायची, एवढेच. भिंतीला भोके पाडायची असतात किंवा सुताराला माप द्यायचे असते, तेव्हा मात्र चूक महागात जाते. आराखडा लागतो तो तिथे.

साधने आली ती आर्किटेक्टच्या टेबलावरून. त्रिमित आरेखनाचे ‘स्केचअप’ हे सॉफ्टवेअर २००० साली बाजारात आले. २००६ मध्ये गूगलने ते घेतले आणि त्याची एक आवृत्ती फुकट दिली, त्यामुळे हौशी माणसांनाही आपली खोली पडद्यावर उभारता येऊ लागली. २०१२ पासून ते ट्रिंबल कंपनीकडे आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये आयकियाने ‘आयकिया प्लेस’ हे ॲप आणले. फोनचा कॅमेरा खोलीकडे धरला की निवडलेले फर्निचर तिथेच उभे असल्यासारखे दिसे, आणि माप ९८ टक्के अचूक असल्याचे कंपनी सांगत असे. आकडा भरघोस वाटतो खरा. पण याच कंपनीच्या, १९७९ पासून विकल्या जाणाऱ्या ‘बिली’ या ८० सेंमी. रुंद पुस्तककपाटाला तो लावला, तर उरलेले दोन टक्के म्हणजे १.६ सेंमी. होतात. जवळजवळ एका फळीची जाडी!

फळीची जाडी विसरणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक. सहा फुटी, म्हणजे १८३ सेंमी. उंचीच्या रॅकमध्ये पाच खण हवे असले की कागदावर सरळ पाचाने भागले जाते आणि प्रत्येक खण ३६.६ सेंमी.चा निघतो. पण पाच खणांना वरची-खालची धरून सहा फळ्या लागतात. १८ एमएमच्या प्लायच्या सहा फळ्या १०.८ सेंमी. खातात आणि खण ३४.४ सेंमी.वर येतो. आराखड्यात ऐटीत उभी असलेली ३५ सेंमी.ची समई प्रत्यक्षात आत जातच नाही.

दुसरी अडचण वस्तूंची. तयार ॲपच्या संग्रहात स्वीडिश फुलदाण्या भरपूर असतात. आजीचा तांब्याचा बंब किंवा सावंतवाडीची लाकडी फळे नसतात. म्हणून अनेकदा साधा उपायच कामाला येतो. प्रत्येक वस्तूचा समोरून फोटो काढायचा, मागची पार्श्वभूमी काढून टाकायची (आयफोनवर २०२२ पासून वस्तूवर बोट दाबून धरले तरी हे जमते) आणि ते कात्रण स्लाइडवर १ सेंमी.ला १० सेंमी. या प्रमाणात बसवायचे. पॉवरपॉइंटची नेहमीची रुंद स्लाइड १९.०५ सेंमी. उंच असते, २०२ सेंमी.चे बिली कपाट त्या प्रमाणात २०.२ सेंमी. होते आणि तिच्याबाहेर जाते. पान उभे ए-फोर केले की प्रश्न मिटतो. फोटो जवळून काढू नये. जवळच्या फोटोत वस्तूचा पुढे आलेला भाग फुगतो.

मग कात्रणे हलवत बसायचे. आराखडा थोडा वेळ कृष्णधवल करून पाहणे फार उपयोगी ठरते: रंगांची भूल उतरते आणि गडद वस्तू एकाच कोपऱ्यात गोळा झाल्या असतील तर लगेच दिसते. रिकामी जागाही पडद्यावर नीट मोजता येते. हौशी माणूस हमखास कमी ठेवतो ती हीच.

पडद्याची फसवणूक खोलीच्या बाबतीत होते, म्हणजे पुढून मागे जाणाऱ्या मापात. डेमी आकाराचे पुस्तक सुमारे १४ सेंमी. रुंद असते. २८ सेंमी. खोल कपाटात ते मागे टेकवून लावले की पुढे साधारण तेवढाच पट्टा मोकळा राहतो. आराखड्यात त्या पट्ट्यावर चिमुकला गणपती शोभतो. घरात मात्र पुस्तक काढताना दर वेळी आधी त्याला उचलावे लागते, आणि आठवड्याभरात तो टीव्हीखाली मुक्काम हलवतो. समोरच्या चित्रासोबत वरून पाहिल्यासारखे दुसरे चित्र काढले, तर हे आधीच कळते. वजन कोणतेच चित्र सांगत नाही. त्यासाठी फळीची क्षमता वेगळी पाहावी लागते. ८० सेंमी.च्या बिलीची एक फळी ३० किलो पेलते. प्रकाशाचेही तसेच. पडद्यावरचा पांढरा रंग साधारण ६५०० केल्व्हिनचा, तर घरातला पिवळसर दिवा २७०० केल्व्हिनच्या आसपासचा. त्यामुळे पडद्यावर थंड, राखाडी दिसणारी भिंत संध्याकाळी भलतीच ऊबदार निघू शकते.

याच साधनाचा उलटा उपयोगही होतो. दिवाळीच्या साफसफाईला फळ्या रिकाम्या करण्यापूर्वी भरल्या शेल्फचा समोरून एक फोटो घेऊन ठेवला जातो, आणि धूळ पुसून झाल्यावर फोनकडे बघत प्रत्येक वस्तू जागच्या जागी परत जाते.